कोड्यांच्या गेममध्ये प्रत्येक लेव्हलला स्वतःचे पार्श्वसंगीत कसे द्यावे

खोकी ढकलून ठरावीक चौकटींवर नेण्याचा एखादा गेम डोळ्यांसमोर आणावा. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या सोकोबानपासून हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. खेळणाऱ्याने एक खोके चुकून कोपऱ्यात ढकलले, ते आता कोणत्याही बाजूने बाहेर निघत नाही, म्हणून त्याने लेव्हल पुन्हा सुरू करण्याचे बटण दाबले. दहा मिनिटांत हे बटण दाबण्याची ही पंधरावी वेळ. प्रत्येक वेळी चित्र पूर्ववत होते आणि त्याबरोबर संगीतही मध्येच तुटून पहिल्या सुरापासून नव्याने सुरू होते. धून कितीही गोड असली, तरी तिची पहिली चार सेकंदे पंधरा वेळा ऐकल्यावर ती चूक झाल्याची जाणीव करून देणारी घंटा वाटू लागते, आणि खेळणारा आवाज बंद करून टाकतो.

लेव्हलला संगीत देताना जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या प्रसंगात सापडते. शर्यतीच्या गेममध्ये एक फेरी साधारण किती वेळ चालेल, याचा अंदाज बांधता येतो. कोड्याचे तसे नसते. तीच लेव्हल एकाला चाळीस सेकंदांत सुटते आणि दुसरा तिच्यापुढे अर्धा तास डोके धरून बसतो, आणि त्या अर्ध्या तासात पडद्यावर बराच वेळ काहीही हलत नसते. म्हणून संगीत लेव्हलला जोडायचे असले, तरी माप घ्यायचे ते खेळणाऱ्याच्या बैठकीचे. पुढे येणाऱ्या सर्व तांत्रिक गोष्टींकडे मी याच नजरेने पाहिले आहे.

संगीत निवडताना एक पथ्य कसोशीने पाळावे, ते म्हणजे शब्द असलेले गाणे टाळावे. आकडे किंवा शब्द क्रमाने लक्षात ठेवायला सांगितले असता कानावर पडणारे बोलणे स्मरणात अडथळा आणते, असे मानसशास्त्रातील प्रयोगांत १९७० च्या दशकापासून वारंवार दिसून आले आहे, आणि नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा गायलेले शब्द हा अडथळा अधिक करतात. कोडे सोडवणारा माणूस 'हे खोके आधी डावीकडे, मग ते वर' अशी साखळी मनातल्या मनात धरून बसलेला असतो. ती साखळी तुटू नये, एवढी काळजी संगीताने घेतलीच पाहिजे.

आता जोडणीकडे वळू. लेव्हलची माहिती बहुधा एका मजकुराच्या फाइलमध्ये असते: भिंती कुठे, खोकी कुठे, खेळणारा कुठून सुरुवात करतो. संगीताची नोंदही याच फाइलमध्ये एका ओळीत करावी. मात्र त्या ओळीत ऑडिओ फाइलचा पूर्ण पत्ता न लिहिता ट्रॅकला दिलेले एक छोटे नाव लिहावे, उदाहरणार्थ गुहेच्या ट्रॅकसाठी एक आणि पावसाच्या ट्रॅकसाठी दुसरे. कोणत्या नावामागे कोणती फाइल आहे, तिचा आवाज किती ठेवायचा आणि तिचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहणारा भाग, कुठून सुरू होतो, ही माहिती एका स्वतंत्र यादीत ठेवावी. असे केले की गुहेची धून बदलायची ठरल्यावर यादीतील एकच ओळ बदलावी लागते. तिच्यावर अवलंबून असलेल्या साठ लेव्हल्सच्या फाइल्स उघडाव्या लागत नाहीत.

प्रत्येक लेव्हलमध्ये ही ओळ असेलच असे मात्र गृहीत धरू नये. लेव्हलमध्ये नोंद असेल तर ती वापरावी, नसेल तर ती लेव्हल ज्या गटात येते त्या गटाची, आणि गटाचीही नसेल तर संपूर्ण गेमची सर्वसाधारण धून वाजवावी, असा उतरता क्रम ठेवावा. येथे एक बारकावा हमखास निसटतो. रिकामी नोंद म्हणजे 'वरच्या पायरीवर जे आहे ते घ्या', आणि 'शांतता' ही नोंद म्हणजे 'येथे काहीही वाजवू नका'. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर जिथे मुद्दाम शांतता हवी आहे नेमक्या त्याच लेव्हलमध्ये सर्वसाधारण धून सुरू होते. प्रत्येक लेव्हलला वेगळी धून हवीच, असेही नाही. १९९१ च्या लेमिंग्ज या गेममध्ये शंभराहून अधिक लेव्हल्स होत्या आणि धुनी त्या मानाने थोड्याच. त्या एकामागून एक आळीपाळीने येत आणि मोजक्या खास लेव्हल्सना तेवढी स्वतःची वेगळी धून असे. छोट्या चमूसाठी हा मार्ग आजही उत्तम आहे.

यानंतरचा प्रश्न असा, की संगीत वाजवण्याचे काम गेमच्या कोणत्या भागाने करावे. नवखा माणूस स्वाभाविकपणे ते लेव्हलच्या आतच ठेवतो, आणि लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली चूक तेथूनच जन्म घेते, कारण लेव्हल नव्याने उघडली की तिच्यातील सगळेच नव्याने उघडते. वाजवणारा भाग लेव्हलच्या बाहेर, गेम चालू असेपर्यंत टिकणारा असावा. गोडो या इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यासाठी ऑटोलोडची सोय आहे, आणि युनिटी या दुसऱ्या इंजिनमध्ये एखादी वस्तू दृश्य बदलले तरी नष्ट होऊ नये असे सांगता येते. लेव्हल उघडताना तिने या भागाला फक्त आपल्या ट्रॅकचे नाव कळवावे. तोच ट्रॅक आधीपासून वाजत असेल तर काहीही करू नये, वेगळा असेल तरच बदल करावा. कोडमध्ये ही तुलना एका ओळीची आहे, पण गेमच्या एकूण अनुभवात तिच्याइतका फरक पाडणारी दुसरी ओळ माझ्या पाहण्यात नाही.

सर्वांत जास्त मेहनत लागते ती लूपला, म्हणजेच धून संपताच ती कानाला न कळता पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावी यासाठी. आपल्या संगीतातील आवर्तनाची कल्पना येथे नेमकी लागू पडते: शेवटची मात्रा संपल्यावर पुढचा ठोका समेवरच पडला पाहिजे, क्षणभरही आधी नाही आणि नंतरही नाही. समजा, धुनीची लय मिनिटाला १०० ठोके आहे. मग एक ठोका ०.६ सेकंदाचा, चार ठोक्यांचा एक खंड २.४ सेकंदांचा आणि असे ४० खंड मिळून ९६ सेकंदांचे आवर्तन होते. डिजिटल ध्वनी सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे ध्वनिलहरीच्या उंचीची तेवढी मोजमापे, या वेगाने साठवला असेल, तर फाइलची लांबी बरोबर ४२,३३,६०० सॅम्पल असायला हवी. फाइल कापताना नजरेच्या अंदाजाने न कापता हा आकडा टाकून कापावी. ऑड्यासिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या भागाची लांबी सॅम्पलमध्ये दाखवण्याची सोय आहे.

लांबी बरोबर असूनही सांध्यावर दोन प्रकारचे दोष राहू शकतात. पहिला म्हणजे 'टक्' असा बारीक आवाज. ध्वनिलहर फाइलच्या शेवटी एका उंचीवर आणि सुरुवातीला भलत्याच उंचीवर असेल, तर स्पीकरच्या पडद्याला एकदम उडी मारावी लागते आणि तीच आपल्याला ऐकू येते. कापण्याची जागा लहर शून्यावरून जाते तेथे धरली, की हा दोष बहुधा जातो. दुसरा दोष अधिक फसवा आहे. शेवटच्या सुराची आस आणि घुमारा फाइल संपताच कापला जातो, आणि पहिला सूर मात्र एखाद्या कोऱ्या खोलीत पडावा तसा कोरडा पडतो. यावर संगीतकार वापरतात तो उपाय असा: धून रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सलग दोनदा वाजवावी आणि त्यातील दुसरी फेरी तेवढी फाइलमध्ये उतरवून घ्यावी. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची आस मिसळलेली असते, त्यामुळे शेवट आणि सुरुवात एकमेकांत विरघळतात.

एवढे सगळे केल्यावर ती फाइल एमपीथ्रीमध्ये साठवली, तर श्रम वाया जाण्याचा धोका असतो. एमपीथ्री ध्वनीचे प्रत्येकी १,१५२ सॅम्पलचे तुकडे करते आणि शेवटचा तुकडा अपुरा राहिला तर उरलेली जागा शांततेने भरते. आपल्या उदाहरणातील धून योगायोगाने बरोबर ३,६७५ तुकड्यांत बसते, परंतु त्याने सुटका होत नाही, कारण ध्वनी आकुंचित करण्याच्या प्रक्रियेत सुरुवातीलाही थोडी शांतता मिसळली जाते. ही शांतता सेकंदाच्या काही शतांश भागांची असते. गाणे एकदाच ऐकताना ती जाणवत नाही, पण लूपच्या सांध्यावर ठोका अडखळल्यासारखा वाटतो. किती भाग वगळायचा याची नोंद काही एमपीथ्री फाइल्समध्ये असते, मात्र वाजवणारे इंजिन ती वाचेलच याची खात्री नसते. ऑग व्हॉर्बिस या फाइलच्या दुसऱ्या प्रकारात ध्वनीची अचूक लांबी फाइलमध्येच नोंदलेली असते, म्हणून लूपसाठी तोच वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त गेम ब्राउझरमध्ये चालणार असेल तर ॲपलच्या सफारी या ब्राउझरवर वेगळी चाचणी घ्यावी, कारण त्यात बरीच वर्षे ऑग वाजत नसे.

कधी धुनीला सुरुवातीचा छोटा तुकडा असतो, तो एकदाच वाजावा आणि पुढचा भाग फिरत राहावा अशी रचनाकाराची इच्छा असते. गोडोमध्ये ऑग फाइल आत घेताना लूप कोणत्या सेकंदापासून धरायचा हे सांगता येते. आरपीजी मेकर या इंजिनमध्ये हीच गोष्ट फाइलच्या आत लूपस्टार्ट आणि लूपलेंग्थ या दोन नोंदींनी, सॅम्पलच्या आकड्यांत करतात. अशी सोय नसलेल्या इंजिनात दोन वेगळ्या फाइल्स ठेवून पहिली संपण्याच्या नेमक्या क्षणी दुसरी सुरू होईल असे आधीच नेमून द्यावे लागते. युनिटीमध्ये हे ध्वनीच्या घड्याळावर नेमता येते. पडद्यावरील चित्र जेव्हा जेव्हा नव्याने रंगवले जाते तेव्हा 'संपली का' असे विचारत बसण्याची पद्धत वापरू नये. सेकंदाला ६० चित्रे असली तरी दोन चित्रांमध्ये सुमारे १७ मिलिसेकंदांचे अंतर असते, आणि तेवढी चूक कानाला खटकते.

फाइलच्या आकाराचा हिशेब थोडक्यात सांगतो. आकुंचन न केलेला दोन वाहिन्यांचा ध्वनी सेकंदाला १,७६,४०० बाइट जागा घेतो, म्हणजे आपली ९६ सेकंदांची धून सुमारे १७ मेगाबाइटची होते. ऑगमध्ये ती सेकंदाला १२८ किलोबिट या दराने साठवली तर साधारण दीड मेगाबाइटमध्ये बसते. पण गेम सुरू होताना ती पूर्ण उलगडून मेमरीत ठेवली, तर ती पुन्हा १७ मेगाबाइट जागा अडवते, आणि असे दहा ट्रॅक असतील तर १७०. म्हणून लांब संगीत डिस्कवरून थोडे थोडे वाचत वाजवावे आणि खोके सरकल्याचा किंवा दार उघडल्याचा क्षणभराचा आवाज तेवढा उलगडून तयार ठेवावा.

आवाजाच्या पातळीबाबत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले ट्रॅक एकाच मोठेपणाचे नसतात, त्यामुळे लेव्हल बदलताच आवाज एकदम चढतो किंवा पडतो. कानाला जाणवणारा मोठेपणा एलयूएफएस या एककात मोजतात. सर्व ट्रॅक मोजून एकाच आकड्यावर आणावेत. दुसरी गोष्ट सेटिंगमधील, आवाज कमी-जास्त करण्याच्या सरकत्या पट्टीची. पट्टी मध्यावर आणल्यावर लहरीची उंची निम्मी केली, तर घट ६ डेसिबलची होते, आणि आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते. त्यामुळे खेळणाऱ्याला पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागात फारसा फरकच जाणवत नाही. पट्टीच्या आकड्याचा वर्ग करून तो वापरला, तर मध्यावर १२ डेसिबलची घट मिळते आणि पट्टी हाताला नैसर्गिक वाटते. संगीताची पट्टी आणि इतर आवाजांची पट्टी वेगळी असावी, हे वेगळे सांगायला नको.

एका लेव्हलमधून दुसरीत जाताना ट्रॅक खरोखर बदलणार असेल, तर जुना मावळत असताना नवा उगवावा, ही सर्वमान्य रीत आहे. दोन्ही आवाज सरळ रेषेत कमी-अधिक केले, तर मध्यावर दोन्ही अर्ध्यावर येतात आणि दोन असंबद्ध ट्रॅकची एकूण ऊर्जा निम्मी होऊन ३ डेसिबलचा खड्डा पडतो. त्याऐवजी साइन आणि कोसाइनच्या वक्रांनी बदल केला, की मध्यावर दोन्ही ०.७०७ वर राहतात आणि खड्डा भरून निघतो. बदलासाठी एक ते दोन सेकंद पुरेसे आहेत. खेळणारा लेव्हल्सच्या यादीत भराभर पुढे-मागे जात असेल, तर तो एखाद्या लेव्हलवर थांबेपर्यंत बदल सुरूच करू नये.

एक पाऊल पुढे जाऊन काही जण एकाच धुनीचे थर करतात: खाली मंद सुरावट, तिच्यावर तालवाद्य, त्यावर आणखी एखादे वाद्य. सगळे थर एकाच क्षणी सुरू करून वरच्यांचा आवाज शून्यावर ठेवायचा आणि खेळ जसजसा पुढे सरकेल तसतसा तो वाढवायचा. थर उशिरा सुरू करून जुळवण्याचा प्रयत्न करू नये, ते कधीच नीट जुळत नाहीत. गोडो ४.३ पासून असे थर एकत्र वाजवण्याची सोय इंजिनातच आली आहे.

मात्र कोड्याच्या गेममध्ये या तंत्राचा एक धोका आहे आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. थर कशावर अवलंबून आहे, यावरून संगीत उत्तर फोडू शकते. योग्य चौकटीवर पोहोचलेल्या खोक्यांच्या संख्येवर थर वाढत असेल तर हरकत नाही, कारण ती संख्या डोळ्यांना दिसतेच. परंतु कोडे अजून सुटण्याजोगे आहे की नाही हे गेमला ठाऊक असेल आणि खोके अडकताच तालवाद्य बंद होत असेल, तर खेळणाऱ्याने स्वतः शोधायची गोष्ट संगीताने सांगून टाकली. थोड्याच वेळात तो विचार करणे सोडून प्रत्येक चाल खेळून कान टवकारून बघतो. जी माहिती पडद्यावर नाही, ती संगीतातही नसावी. १९८९ साली निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलवर आलेल्या टेट्रिसमध्ये ठोकळ्यांचा ढीग वर चढू लागला की धून वेगवान होत असे. तेथे ते शोभते, कारण ढीग समोर दिसत असतो आणि घाई हाच खेळाचा आत्मा असतो. शांतपणे विचार करण्याच्या कोड्यात अशी घाई लादू नये. त्याच वर्षीच्या गेम बॉयवरील टेट्रिसमध्ये खेळणाऱ्याला तीन धुनींतून एक निवडता येई किंवा संगीत बंदही ठेवता येई. ती मोकळीक मला अधिक अनुकरणीय वाटते.

प्रत्यक्ष गेम दुसऱ्याच्या हाती गेल्यावर उघड होणाऱ्या अडचणी वेगळ्याच असतात. माझ्या एका छोट्या गेममध्ये सर्व लेव्हल्सचे संगीत माझ्या संगणकावर व्यवस्थित वाजत होते, आणि फोनवर मात्र तिसरी लेव्हल मुकी निघाली. यादीत फाइलच्या नावाचे पहिले इंग्रजी अक्षर मोठे लिहिले होते आणि फाइलच्या नावात ते छोटे होते. विंडोज अशा फरकाकडे सहसा दुर्लक्ष करते, पण अँड्रॉइडवर गेमच्या आत बांधलेल्या फाइल्समध्ये ती दोन वेगळी नावे ठरतात. तेव्हापासून मी फाइल्सची नावे केवळ छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवतो. ब्राउझरमध्ये आणखी एक नियम आड येतो: वापरणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय किंवा कळ दाबल्याशिवाय आवाज सुरू करू दिला जात नाही, आणि क्रोममध्ये हे २०१८ पासून लागू आहे. म्हणून पहिल्या पडद्यावर 'खेळ सुरू करा' असे बटण ठेवून संगीताची सुरुवात त्या क्लिकवर सोपवावी.

खेळणाऱ्यांनाच लेव्हल्स बनवून संगीतासह वाटण्याची मुभा द्यायची असेल, तर ट्रॅक लेव्हलच्या संचाच्याच फोल्डरमध्ये असावेत आणि त्या फोल्डरबाहेरचा कोणताही पत्ता गेमने स्वीकारू नये. फाइल सापडली नाही किंवा बिघडलेली निघाली, तर गेम बंद न पडता वर सांगितलेल्या उतरत्या क्रमाने पुढची धून निवडली जावी. हक्कांचा प्रश्नही येथेच येतो. ध्वनिमुद्रणात दोन स्वतंत्र हक्क असतात, एक रचनेचा आणि दुसरा त्या विशिष्ट मुद्रणाचा. रचना जुनी आणि हक्कमुक्त असली तरी तिचे नवे मुद्रण तसे असेलच असे नाही. आपली निर्मिती इतरांना वापरू देण्यासाठीच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांपैकी सीसी झिरोमध्ये कोणतीही अट नसते, सीसी बायमध्ये श्रेय देणे बंधनकारक असते आणि ज्यात एनसी ही अक्षरे असतात ते संगीत व्यावसायिक वापरासाठी घेता येत नाही. ट्रॅकच्या यादीतच रचनाकाराचे नाव आणि परवाना लिहिण्याची जागा केली, तर श्रेयाचा पडदा त्या यादीवरून आपोआप तयार करता येतो.

शेवटची चाचणी संगणकासमोर बसून करण्यासारखी नाही. एखादी लेव्हल उघडून ठेवावी, कोडे न सोडवता आपले दुसरे काम हाती घ्यावे आणि संगीत मागे अर्धा तास चालू द्यावे. ९६ सेकंदांचे आवर्तन तेवढ्या वेळात जवळजवळ एकोणीस वेळा फिरते. कितव्या फेरीला आपले लक्ष कामावरून उडून सुरांकडे गेले आणि नेमक्या कोणत्या जागी गेले, हे कागदावर टिपून ठेवावे. ती जागा बहुधा एखादा उंच, टोचणारा सूर असते किंवा जरा जास्तच लक्षात राहणारी हरकत. तेवढी एक जागा मवाळ करावी आणि पुन्हा अर्धा तास ऐकावे.